माथेरानचं वळण येण्याआधीच ह्यांना कसं कळायचं?

सत्तरच्या दशकात आमचं लग्न झालं आणि ह्यांनी जाहीर केलं, "माथेरानला जाऊ." सोलापूरच्या सपाट मुलखातला, पुण्यापलीकडं कधी गेलो नाही म्हणणारा माणूस एकदम माथेरानला? मला तेव्हाच शंका आली. तशी ती मला लवकरच येते.

रात्रीच्या गाडीनं कर्जत, तिथून नेरळ. वरचं खाणं महाग, म्हणून सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. तुम्हीही न्या, टिकते. नेरळला कुणाला तरी विचारावं म्हणते, तोवर हे सरळ छोट्या गाडीच्या फलाटावर!

गाडी निघाली. खालचं नेरळ डावीकडं दिसायचं, वळलं की उजवीकडं. वर नेताहेत की नुसतं गरागरा फिरवताहेत, कळेना. पण मला खुपत होतं वेगळंच. वळण यायच्या आधीच हे दांडी घट्ट धरायचे. "आता बोगदा," म्हणाले, आणि बोगदा आलाच. म्हणजे हे इथं येऊन गेलेत. कुणाबरोबर? नव्या संसाराचं काय होणार, या धास्तीनं मला दरीकडं बघवेना.

पुढच्या थांब्यावर करवंदं विकणारी बाई खिडकीशी आली नि ह्यांना म्हणाली, "काय शेट, आज बरं हाय ना?"

"मागं कोण होतं ह्यांच्याबरोबर?" मी विचारलं.

"कोन न्हाय. येकलेच. हितं उतरून वकत होते बिचारे."

ह्यांची मान खाली. ह्यांना घाट लागतो, अगदी तुळजापूरचासुद्धा. नव्या बायकोपुढं फजिती नको, म्हणून कचेरीच्या कामाचं निमित्त सांगून आधी एकटेच सराव करून गेले होते! "चढताना जमतंय आता," म्हणाले, "उतरताना न्हाय."

वर मोटारी नाहीत. लाल मातीतून पायी भटकायचं, माकडांपासून पिशव्या जपायच्या. पावसाळ्यात मात्र ही गाडी बंद असते. मी हसत होते, पण मनातून तपासत होते. सराव म्हणे! बाईला फितवलं नसेल कशावरून?

उतरताना खात्री पटली. हे पांढरेफटक पडले आणि माझ्या पातळावरच ओकले. मला इतकं हलकं वाटलं! पुढची सगळी वळणं मीच आधी सांगत गेले.

घरी सासूबाईंनी पातळावरचा डाग पाहिला. "कुणाला गं गाडी लागली?" मागं दोन दीर हसायला टपलेलेच. हे भिंतीकडं बघत उभे.

"मला," मी म्हणाले.

तेव्हापासून कुठंही घाट आला की सगळं घर माझ्याच हातात लिंबू द्यायचं, आणि मी ते पदराआडून ह्यांना.