शांतवनने तोंड धुतलं तो रविवार

आमची कापड मिल बंद होऊन दोन महिने झाले होते, तेव्हाचा एक रविवार... इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय. सातवीपर्यंतच शिकलोय, फोनवर बोट चुकतं. सांभाळून घ्या.

आमच्या लूम खात्यातला, म्हणजे मागावरचा, शांतवन आमच्याच चर्चचा. मिलला कुलूप लागलं आणि पंधरा दिवसांत त्याला सांवेर रोडच्या एका कारखान्यात काम लागलं. मला कुठेच नाही.

त्या जळफळाटात मी चहाच्या ठेल्यावर बोलून गेलो, "मिल बंद होणार हे त्याला पहिलेच माहीत होतं. साहेबांना आपल्या बातम्या देत होता तो."

साफ खोटं. पण बेकार बसलेल्या माणसांना असलं काही ऐकायला हवंच असतं. आठवड्याभरात लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला खात्यातलं कोणी फिरकलं नाही.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्यात रीत अशी, की कोणाशी मनात वाकडं असेल तर आधी समेट करायचा, मगच भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. मला ठाऊक होतं. तरी मी गुपचूप रांगेत लागणार होतो... नाही गेलो तर लोक विचारतील ना! बायकोला सगळं ठाऊक होतं; घरून निघताना ती म्हणालीच, "तोंड लपवायला रुमाल घेतला का?"

लोक पुढे जाऊ लागले तेवढ्यात शांतवन माझ्या बाकापाशी आला. "भिया, जरा बाहेर चल." वाटलं, आता हा गचांडी धरतो.

बाहेर येऊन त्यानेच हात जोडले! "काम लागलं तेव्हा तुला सांगायला आलो नाही यार. तेव्हापासून तू बोलत नाहीस. माझं चुकलं, माफ कर."

लोक का तुटले ते त्याला कळलं होतं. कोणामुळे, ते नाही. मी नुसतं 'असू दे' म्हटलं असतं तर सुटलो असतो... पण तोंडातून निघूनच गेलं, "ती बातमी मी पसरवली, शांतवन."

त्याची मूठ आवळलेली दिसली मला. "माझी पोरगी रडली रे त्या दिवशी," एवढंच म्हणाला. मग, "थांब इथेच. मला जरा टाइम दे." आणि आवारातल्या नळाकडे गेला.

तोंड धुतलं. परत धुतलं. मग माझ्याकडे पाठ करून तसाच उभा... आत गीत संपत आलं होतं. वाटलं, आता हा घरी निघून जाणार.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. "चल आत. आपलंच दोघांचं राहिलंय."

सगळ्यांत शेवटी आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. ठेल्यावर जाऊन खरं सांग, असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. संध्याकाळी मी आपणहून गेलो, सगळ्यांसमोर सांगितलं. शिव्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी खात्यातले तिघेजण मिठाई घेऊन त्याच्या घरी गेले.

पाळकसाहेब म्हणायचे, संत आपल्यातच असतात. मला ते कधी पटत नसे. त्या दिवशी नळापाशी पाहिला... रागावलेला, माझ्यासारखाच बेजार. आत यायला त्याला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांसाठी मी अजून रोज देवाचे आभार मानतो.