माझ्या कानांतून गेलेले बँड

उजव्या कानाने मला आता फक्त ढोल ऐकू येतो. डाव्या कानात अजून काही शिल्लक आहे, पण ते किती टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. तुम्हाला हे दुसऱ्या कोणाकडून अर्धवट कळण्यापेक्षा मीच क्रमाने लिहिलेलं बरं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं काम सोपं झालं असतं. मी जन्मभर इंग्रजीच शिकवली. पण बँडवाल्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की त्यातला जीव जातो. अडेल तिथे आईला विचारा.

आजीला बँड आवडतात, एवढंच तुम्हाला माहीत आहे. बँड म्हणजे आपल्याकडे लग्नात वाजतात ते. लाल नाहीतर निळे कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे ट्रम्पेट आणि क्लॅरनेट, मागे ढोल आणि झांज, आणि सगळ्यांच्या शेवटी हातगाडीवर कॅसिओ आणि भोंगे. परभणीच्या शाळेत माझ्याकडे ग्रंथालयही होतं. पुस्तकांची कार्डं लिहिता लिहिता मला सवय जडली आणि मी घरी बँडांची कार्डं लिहू लागले. एका बँडला एक कार्ड. गाव, मास्तर स्वतः काय वाजवतो, माणसं किती, गणवेश कोणता, आणि सर्वांत खाली एक ओळ: कोणी फर्माईश केली नाही तर काय वाजवतात. बँड कळतो तो त्या ओळीवरून. फर्माईश काय, सगळ्यांना सारखीच येते.

तुमचे आजोबा सगळ्यांना सांगत, "लोक लग्नाला जेवायला जातात, आमच्या बाईसाहेब कार्ड भरायला जातात." पण स्कूटर काढायचे तेच. ओळख नसलेल्या लग्नांनाही आम्ही गेलो आहोत. वरात संपली की आहेर करून न जेवता परत. गायन पार्ट्यांचे कार्यक्रमही मी सोडले नाहीत. भीमगीतांचे, कव्वालीचे, जिथे असतील तिथे. त्यांच्या कार्डांचा डबा वेगळा ठेवला आहे.

बँड ऐकायची माझी एक रीत होती. मांडवाच्या दारात उभा राहून वाजवणारा बँड मी कधी धरला नाही. बँड चालताना ऐकायचा. खड्ड्यांतून, शेणातून, नाचणाऱ्यांचे धक्के खात चालताना ज्याचा दम तुटत नाही तो खरा वाजवणारा. म्हणून मी वरातीबरोबर चालायचे, क्लॅरनेटवाल्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. वाहनांचा त्रास नको म्हणून नेहमी डाव्या अंगाने, रस्त्याच्या कडेने. तीच जागा मला सुरक्षित वाटायची.

पहिलं वाद्य गेलं ते चारठाण्याच्या एका लग्नात. खुळखुळेवाला दोन्ही हात हलवत होता आणि आवाज येत नव्हता. मला वाटलं, आतले मणी सांडले असतील. कार्डावर लिहिलं, "खुळखुळा नावापुरता." पुढे पोखर्णीला झांज अशी वाजली की जणू दोन भाकरी एकमेकींवर आपटताहेत. लिहिलं, "झांज बोथट." त्या लग्नसराईत मी एकामागून एक बँडांना नापास करत गेले. एका वरातीत तुमच्या बोरीच्या आजीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला म्हटलंसुद्धा, "बँड संपत चाललेत बघ. कोणाच्या फुंकेत जोर राहिला नाही."

ती कानांवर पदर दाबून चालली होती. म्हणाली, "जोर न्हाई? ह्यो तर माझे कान फाडायलाय, बाई."

तिला संगीतातलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं.

घरातही तेच सुरू होतं, पण मी ते जोडून पाहिलं नाही. कुकरची शिट्टी होईना, डाळ करपली. मी शिट्टी बदलून आणली. नवीही होईना. दुकानदाराला खडसावलं तेव्हा तो माझ्याकडे जरा विचित्र पाहत राहिला. दारातल्या कडुलिंबावर संध्याकाळी पोपटांचा थवा येतो. पोपट दिसायचे, चोची उघडायच्या आणि मिटायच्या. मला वाटलं, यंदा पाखरं शांत आहेत. मग एक दिवस स्टेशन रोडवर मागून मोटारसायकल आली ती माझ्या पदराला घासून गेली. पोरगा थांबला, हातवारे करून भांडू लागला. मी त्याला शांतपणे सांगितलं, "आधी हॉर्न दुरुस्त करून घे." पानटपरीवरची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतला एक जवळ येऊन म्हणाला, "मावशी, तो कवापासून हॉर्न वाजवायला होता की." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तरी सकाळी उठून मी कार्डंच लिहीत बसले.

जावेच्या नातीचं लग्न बोरीतच ठरलं. नवरदेवाला वाजतगाजत मांडवात आणायचं काम आमच्या बाजूच्या बँडचं. पोरांना डीजे हवा होता. मी हट्टाने बँड ठरवला, तोही माझ्या कार्डांतला सर्वांत आवडता, बोरीचाच. सुपारी द्यायला आम्ही दोघी जावा भर दुपारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. मास्तर ट्रम्पेट पुसत होता. मोठा बडबड्या माणूस. म्हणाला, "बसा म्याडम, आमच्यावर परीक्षा घ्यायला आलाव जणू." मग नमुना म्हणून त्यांनी एक चाल वाजवली. मी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं,

"मास्तर, क्लॅरनेटवाला सोडून गेला का?"

"सोडून कामून जाईल? माझा मेव्हणा हाय त्यो. कुठं जातोय! ह्यो काय, तुमच्या म्होरंच उभा हाय."

"मग वाजवत का नाही?"

सगळे हसले. मास्तर मेव्हण्याकडे वळला. "घ्या! ऐकलं का रे? म्याडम म्हणायल्यात, तू वाजवायलाच न्हाईस."

"बहिणीनं भाकर कमी वाढली आसंल सकाळी," मेव्हणा म्हणाला. पुन्हा हशा.

मास्तरने त्याला माझ्या उजव्या बाजूला, अगदी जवळ उभं केलं आणि बोटाने खूण केली. मी पाहिलं. त्याचे गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या, बोटं भोकांवरून भराभर धावू लागली. दाराशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि निघून गेलं. माझ्या गालाला वाऱ्याची झुळूक लागत होती. आवाज नव्हता.

मी वाट पाहिली. मग विचारलं, "सुरू झालं का?"

हसू एकेकाच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. जाऊ म्हणाली, "बाई, चेष्टा करायलाव का?" माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर तिने माझा हात धरला.

मास्तर हळू बोलला. त्याचा आवाज जाडा, म्हणून मला कळला. "लय जोरात वाजवायलाय, म्याडम."

मेव्हणा न सांगता डाव्या बाजूला आला. तिथे तो ऐकू आला, शेतापलीकडून कोणी हाक मारावी तसा. मी म्हटलं, "हां, आता येतोय." सगळ्यांनी माना हलवल्या. आजाऱ्यासमोर हलवतात तशा.

परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ मी दाबलंच नाही. बाहेर आल्यावर त्यांनी कागद समोर ठेवला. रेघ सरळ चालत जाऊन एकदम खाली पडली होती. उंच सूर आधी जातात, म्हणाले. मग विचारलं, "कारखान्यात होतात का कुठं?"

"नाही. शिक्षिका."

"मग उजवाच कान इतका कसा?"

मी माझी रीत सांगितली. बँडच्या डाव्या अंगाने चालणं, क्लॅरनेटच्या खांद्याला खांदा, ट्रम्पेट हाताच्या अंतरावर, इतकी वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वयाचाही भाग आहे," म्हणाले, पण ते नंतर म्हणाले. गेलेलं परत येत नाही. राहिलेला डावा कान जपायचा. घरात ऐकण्याचं यंत्र कानाला लावायचं, आणि मोठ्या आवाजाच्या जवळ फिरकायचं नाही. एखादा जोराचा मार बसला तर तोही जाईल. कानात घालायला फोमचे बोळे दिले. ते आधी बोटांनी वळून बारीक करायचे, मग आत सरकवायचे, फुगेपर्यंत धरून ठेवायचे.

तरी मी लग्नाला का गेले, असं तुमची आई अजून विचारते. घरचं लग्न होतं, हे एक. दुसरं खरं कारण असं, की डाव्या कानाने तो क्लॅरनेट एकदा चालताना ऐकायचा होता. आज ना उद्या तो जाणारच होता. जाण्याआधी मला ऐकायचा होता.

मुहूर्त दुपारचा. ऊन रणरणत होतं. दोन्ही कानांत बोळे घालून मी वरातीत शिरले तर बँड दिसत होता, ऐकू येत नव्हता. थोडं चालल्यावर मी डावा बोळा काढून मुठीत धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा बँडच्या उजव्या अंगाला गेले. जाऊ डोळे वटारून पाहत होती. मेव्हण्याने मला पाहिलं आणि फर्माईश चालली होती ती सोडून आपली चाल धरली. फर्माईश नसताना ते जी वाजवतात ती. सगळे सूर काही आले नाहीत. वरचे तुटत होते, तिथे मी आठवणीने भरून घेत होते. पण क्लॅरनेट येत होता. दहा पावलं मागे नाचणारी पोरं ओरडत होती, धूळ उडत होती आणि मी रडत होते.

चौकाच्या अलीकडे आधी तळपायाला कळलं. चपलेखालची जमीन धडधडत होती. मग दुकानांचे पत्रे थरथरायला लागले. गावात त्याच दिवशी दुसरं एक लग्न होतं, आणि त्यांचा डीजेचा ट्रक, भिंतीएवढ्या खोक्यांसकट, समोरच्या गल्लीतून वळत होता.

इकडे दोन वराती समोरासमोर आल्या की आधी वाजवणं कोणी थांबवत नाही. जो थांबेल त्याची वरात हलकी, असं धरतात, आणि ते पुढे कितीतरी वर्षं ऐकवतात. म्हातारी माणसं मध्ये पडेपर्यंत दोन्हीकडे वाजतच राहतं. जाऊ माझ्या कानाशी ओरडली, "मागं फिरा, बाई! मागं!" मागे गल्ली माणसांनी गच्च भरली होती. मी बोळा वळायला घेतला. घामाने तो निसटला आणि पायांखाली गेला. तळहात कानावर दाबून मी भिंतीला टेकले. आवाज हाडांतून आत येत होता.

मास्तर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो थांबला असता तर ट्रक निघून गेला असता. मी कानावरचा हात काढला, उंच केला आणि ओरडले, "थांबवा, मास्तर! थांबवा!" पण वरातीत वर गेलेल्या हाताचा अर्थ एकच असतो: अजून वाजवा. इतकी वर्षं मीच त्यांना तो हात दाखवत आले होते. मास्तरचे डोळे चमकले. त्याने मान डोलावली, ट्रम्पेट आभाळाकडे धरला आणि सगळा बँड माझ्याभोवती गोळा करून असेल नसेल तो जोर लावला. ट्रकवरच्या पोरानेही खाली वाकून काहीतरी फिरवलं.

मग शांत झालं.

मला वाटलं, दोघेही थांबले. डोळे उघडले तर मास्तरचे गाल फुगलेलेच होते, ढोलावर काठी पडतच होती. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली होती, बाकी काही नाही. थोड्या वेळाने आमच्या बाजूच्या पोरांनी टोप्या उडवल्या, मास्तरला खांद्यावर घेतलं. ट्रक मागे सरकत होता. आम्ही जिंकलो होतो. जावेचे ओठ हलत होते. मी तिला विचारलं, "कोण थांबलं?" माझाच आवाज मला घशात जाणवला, कानात नाही.

मास्तर हसत माझ्याजवळ शाबासकी घ्यायला आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला सांगून काय होणार होतं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोडं परत आलं आहे. पुरुषांचं बोलणं कळतं, बायकांचं अर्धं. शिट्टी थांबलेली नाही. गोळ्या संपल्या की पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसायचं आहे. तोपर्यंत पुढे काय राहील हे डॉक्टरही बोलत नाहीत. मी कार्डं लिहिणं बंद केलं आहे. जे ऐकूच येत नाही त्याच्यावर शेरा मारायचा नाही, एवढी शिस्त मला आहे.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. व्हिडिओवर फोन करताना खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे ओठांवर उजेड पडेल. दोघांनी एकदम बोलू नका. दादाचा आवाज आता फुटतो आहे, जाडा होतो आहे. तो मला बरेच दिवस पुरेल. धाकटीचा उंच आहे. परवाच्या फोनवर ती बोलत होती आणि मला मधले मधले शब्द मिळत नव्हते. तेव्हा इथून पुढे आधी तिला बोलू द्या, आणि ती बोलते आहे तोवर तिला कोणी अडवू नका.