राजूरच्या मैदानावर पिकअप

सकाळी संगमनेर सोडलं तेव्हा आमच्या व्हॅनमध्ये मी, चालक अशोकभाऊ आणि एक नकली गाडी होती. नकली म्हणजे स्टिअरिंग, क्लच, गिअर सगळं खरं, फक्त काचेच्या जागी मोठा पडदा. रस्ता त्या पडद्यावर पळतो. डोंगरातल्या बायकांना गाडी शिकवायला आमची संस्था ती गावोगाव फिरवते. मी एरवी ऑफिसात बसून धडे रेकॉर्ड करते आणि ते बायकांच्या मोबाईलवर जातात. ऐकणाऱ्यांचे चेहरे आज पहिल्यांदा दिसणार होते.

अकोले मागे पडलं, ऊस विरळ झाला, डोंगर अंगावर आले. राजूरला शाळेच्या मैदानावर उतरून मी "या, बसा" एवढंच म्हणाले, तर जमलेल्या बायका हसायलाच लागल्या. सविता नावाची तरुण सून म्हणाली, "ताई, तुमचा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ हाय. भाकरी थापताना लावते मी."

सविताकडे शिकाऊ परवाना होता. नवरा सुप्याच्या कारखान्यात, घरची पिकअप दारात उभी, आणि टोमॅटो बाजारात न्यायचे तर दर वेळी परका ड्रायव्हर शोधायचा. सासरे, किसनमामा, तिला चावी देत नव्हते. आज मात्र त्यांनी शेजाऱ्याकरवी गाडी मैदानात आणवली होती आणि आंब्याखाली बसून ते सगळं बघत होते.

पडद्यावरच्या रस्त्यात सविताने आधी म्हैस उडवली, मग पुलाचा कठडा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण नंतर ती अख्खा घाट नीट उतरली. तेवढ्यात नकली गाडीची बॅटरी बसली, पडदा काळा झाला.

अशोकभाऊ वायरी तपासेपर्यंत आम्ही जेवून घेतलं. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि हुलग्याचे (कुळथाचे) झणझणीत शेंगोळे. मी दोनदा मागून घेतले. तरी पडदा काही उजळेना. सविता हात धुऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामा, चावी द्या. ताई शेजारी बसतील."

मामांनी बंडीतून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

गाडी एक धक्का खाऊन बंद पडली. मी सांगायला तोंड उघडलं, तर सविताच पुटपुटत होती, "क्लच हळू सोडा, घाई करू नका." शब्द माझे, लयही माझीच. गाडी चालू लागली, मैदानाला वळसे घालू लागली. मामांनी हात करून ती थांबवली तेव्हा वाटलं, आता चावी परत मागतात. ते मागे गेले, हौद्यात चढले आणि फळी धरून खाली बसले.

"चल," ते म्हणाले, "बाजारापत्तुर न्यायची तर मागं किती हादरतं ते बघू दे."

परतताना मी खिडकीशी बसून गुणगुणत होते. बंद खोलीत माईकसमोर बोलताना आपण भिंतीशी बोलतोय असं मला कितीदा वाटलं होतं. ते बोलणं चुलीपर्यंत पोचतं, हे तिथे जाऊनच कळलं.

अकोल्याजवळ रेंज आली आणि सविताचा आवाज मोबाईलवर आला. "ताई, माझे कागद ह्यांनीच केलते. शिकाऊ परवान्याला काय काय लागतात, मामा इचारतायत." तिच्यामागे घरात कुणीतरी हसलं, मग तीही हसत म्हणाली, "सोताला काढायचाय म्हनं."