उपटले मी, लाड तिचे

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळायचे. आज तिशीत हे सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा मात्र मेले असते तरी कबूल केलं नसतं. तिची वेणी कमरेच्या खाली जायची. सरळ, बारीक, मऊ केस. माझे जाड, कुरळे, खांद्याशी येऊन अडलेले. तुमसरात आमच्या मोहल्ल्यात कोणी पाहुणी आली की आधी तिची वेणी हातावर तोलायची, मग माझ्याकडे वळून आईला विचारायची, "अन् हिचे काहून असे?" जसे काही मीच बाजारातून वाईट पाहून आणले होते.

दहावीच्या वर्षी माझा हात डोक्यात जायला लागला. पुस्तक उघडलं की बोटं टाळूवर फिरायची, एखादा खरबरीत केस शोधायची आणि उपटायची. क्षणभर इतकं बरं वाटायचं की काय सांगू. मग लगेच दुसरा. पान उलटायचं राहून जायचं आणि मांडीवर दहा-पंधरा केस पडलेले असायचे. हात आवरायचा म्हटलं तरी आवरत नव्हता. दिवाळीपर्यंत टाळूवर लिंबाएवढी जागा उघडी पडली. मी भांग बाजूला नेला, वर मोठी क्लिप लावली.

प्रश्न होता तो उपटलेल्या केसांचा. आमच्याकडे विंचरून निघालेले केस कोणी फेकत नाही. दाराच्या मागे खिळ्याला प्लास्टिकची थैली टांगलेली असते, त्यात सगळ्या जणी आपापला गुंता बोटाला गुंडाळून कोंबतात. केसवाला मोटारसायकलवर भोंगा वाजवत आला की थैली त्याला द्यायची आणि बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर डबा घ्यायचा. मी काय करायचे, बहिणीचा गुंता बाहेर काढायचे, त्याच्या आत माझे केस गुंडाळायचे आणि परत आत घालायचे. तिच्या केसांत माझे लपले की झालं, असं वाटलं. मूर्ख होते, दुसरं काय.

थैली भराभर भरू लागली. एक दिवस आईने गुंता हातात घेऊन उजेडात धरला. आत लांब केस थोडे, आखूड तुकडेच जास्त. आईने तिच्या परीने हिशोब लावला की धाकट्या पोरीचे केस मधूनच तुटून राहिले. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माझ्या केसांकडे पाहायची घरात कोणाला सवयच नव्हती.

तेव्हापासून बहिणीची चंगळ सुरू झाली. दर रविवारी आई तिला मांडीशी घेऊन बसायची. खोबरेल तेलात मेथ्या आणि कढीपत्ता उकळून ते कोमट तेल बोटांनी हळूहळू जिरवायची. तिच्यासाठी तिळाचे लाडू वेगळ्या डब्यात. तिला अंडं, तिला खजूर. मी समोर बसून गणितं सोडवायचे आणि आतल्या आत जळून खाक व्हायचे. केस उपटले मी, आणि लाड तिचे! त्या रागात हात आणखी वर जायचा, थैलीत आणखी केस पडायचे, आणि पुढच्या रविवारी तिची मालिश आणखी लांबायची. एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं. पण बोलायचं म्हणजे क्लिप काढावी लागली असती.

उन्हाळ्यात आईने विचार केला, वेणी कापून टाकावी, म्हणजे नवे केस दमदार येतील. बहीण रडून रडून लाल झाली. शेवटी आईने मला विचारलं, मोठी म्हणून. मी वहीतून मान वर केली आणि म्हटलं, "कापून टाक. चांगलेच येतील." इतक्या शांतपणे म्हटलं की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये वेणी गेली. आणि माझं नशीब पाहा, आखूड केसांत ती अजूनच गोड दिसायला लागली. शेजारच्या काकूने तिचे गाल ओढले. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आठवड्याने केसवाला आला. आईने त्याच्यापुढे कापलेली वेणी ठेवली आणि थैलीही रिकामी केली. त्याने दोन्ही पोत्यावर पसरले, चिमटीत धरून घासून पाहिले. तो म्हणाला, "बाई, ये दो सिर का बाल है। चोटी का बाल सीधा है, थैली का माल टेढ़ा।" आई हसली, तुटलेले आहेत म्हणाली. त्याने मान हलवली. हा केस तुटलेला नाही, मुळासकट आलेला आहे, आणि या वेणीचा तर मुळीच नाही, असं त्याने सरळ सांगून टाकलं.

आई माझ्याकडे वळली. तिने काही न विचारता माझी क्लिप काढली. बहीण दारात उभी होती, तिनेही पाहिलं. आईने आधी एक थापड दिली आणि मग मला पोटाशी धरून अशी रडली की केसवाला आपला डबा ठेवून निघून गेला.

मग भंडाऱ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी समजावलं की हा खोडसाळपणा नाही, आजार आहे, आणि मारून तो जात नाही. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळायची. हात वर गेला की मूठ आवळून मिनिटभर थांबायचं आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं ते वहीत लिहायचं. बोटांना काम द्यायचं, म्हणून आईने मला तांदूळ निवडायला बसवलं. केस घट्ट बांधायचे नाहीत, जाड दातांचा कंगवा वापरायचा, टाळूवर जिथे सोललं होतं तिथे खपली धरेपर्यंत तेल लावायचं नाही. मधूनमधून हात घसरायचाच, पण दिवस लांबत गेले. आणि रविवारची आईची मांडी आता माझी झाली. खोटं कशाला सांगू, मला फार सुख झालं. बहीण समोर गणितं सोडवत बसलेली असायची आणि मी डोळे मिटून पडून राहायचे.

पाच महिन्यांत टाळूवर बारीक लव आली, मग खुंट, मग केस. आईने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "भरलं बाई एकदाचं. आता लहानीच्या डोक्यालेबी हात लावू, किती दिवस झाले."

त्या रविवारी बहीण मांडीशी बसली. मी तांदळाचं ताट घेऊन मागच्या अंगणात गेले आणि बोटाची पट्टी सोडली. एरवी हात आपोआप जायचा, मला पत्ताही नसायचा. त्या दिवशी मी तो नेला. एक उपटला. दुसरा उपटला. दोन्ही पांढऱ्या तांदळावर पडले.

मनगट कोणीतरी धरलं. बहीण होती, केसांत तेल तसंच चोपडलेलं. आता ती आईला हाक मारेल म्हणून मी डोळे मिटले. तिने हाक मारली नाही, खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईच्या मांडीसाठी ना?"

मी ताटातले दोन्ही केस उचलून मुठीत लपवले.

"माही वेणी काप म्हणून तू सांगितलं, मले मालूम आहे. मंग पाच महिने तू तिथं झोपून राहिली अन् मी पाहत राहिली. मी बी लय जळली तुह्यावर, ताई. पण मी काही उपटलं नाही."

मग तिने पट्टीचं टोक शोधलं आणि माझ्या बोटाला परत गुंडाळायला घेतली. ती तेरा वर्षांची होती. तिची बोटं इतकी शांत होती की मला त्या बोटांचाही हेवा वाटला.