बहिणीला भेटल्याशिवाय घर नाही

घर बघायला गेलं की थेरगावचे आबा आधी घराकडे बघायचेच नाहीत. जिन्यात भेटेल त्या बाईला विचारायचे, "ताई, पाणी कंदी येतं?" ती पाण्यापासून सुरुवात करून सोसायटीची सगळी भांडणं सांगून मोकळी व्हायची. तोवर एजंट चाव्या वाजवत ताटकळलेला. मग आबा आत जाऊन सगळे नळ सोडायचे, खिडकीखालचा ओला पोपडा नखाने खरवडायचे आणि एजंटकडे बघून गोड हसायचे.

डांगे चौकाच्या मागे, जिथे पूर्वी त्यांचं शेत होतं तिथे, आबांच्या बारा खोल्या होत्या. लातूरकडून चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हापासून नऊ वर्षं त्यातल्या एका खोलीत मी आणि बायको राहिलो, आणि नऊ वर्षं आबा मला 'पाव्हणं'च म्हणत राहिले. भाड्यासाठी ते एक तारखेला कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. यायचे ते महिन्याच्या मध्यावर, कुठे गळतंय का विचारायला. मी चिडवायचो, आबा, तुम्ही मालक आहात की प्लंबर? त्यावर म्हणायचे, "गळती भाडेकरूच्या आधी मालकाला कळाय पायजे, पाव्हणं."

ओव्हरटाइम करून चार पैसे गाठीला लागले, तेव्हा मलाही भाड्याने द्यायला घर घ्यायची हौस आली. मोशीत दोन खोल्यांचं घर सापडलं. जागा झकास, कागद चोख. विकणारे चार भाऊ, आणि त्यांच्या एकुलत्या बहिणीने आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्रही रीतसर नोंदवलेलं. मी टोकन द्यायला निघालो, तर आबा आडवे आले. "त्या बहिणीला भेटल्याबिगर घ्यायचं न्हाई."

म्हाताऱ्याचं आपलं काहीतरीच, असं मनात म्हणत त्यांना गाडीवर मागे बसवलं. चाकणच्या पलीकडे तिचं सासर. तिने चहा ठेवला. आबांनी हळूच विचारलं, सही राजीखुशीने केलीस का? तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, भाऊ गाडी घेऊन आले, हापिसात नेलं, इथं सही कर म्हणाले; कागद कशाचा होता ते नंतर कळलं. बाहेर आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "हे घर सोड."

मी सोडलं, पण माझं डोकं फिरलं होतं. वर्षभरात त्या घराचा भाव माझ्या आवाक्याबाहेर गेला. चांगुलपणा तुमचा आणि नुकसान माझं, असं मी आबांना तोंडावर बोललो आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, मला बोलावून सांगितलं. या बारा खोल्यांखालच्या जमिनीत आबांच्या धाकट्या बहिणीचाही वाटा होता. ती राखी बांधायला आली असताना आबांनी तिची अशीच सही घेतली होती. कळल्यावर ती भांडली नाही, फक्त यायची थांबली. आबा तीनदा तिच्या दारी गेले, दोन खोल्या तुझ्या नावावर करतो म्हणाले. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि आत निघून गेली. ऐकून माझी मलाच लाज वाटली. त्याच संध्याकाळी आबांकडे गेलो. पुढे मोशीतच एक लहानसा फ्लॅट आम्ही दोघांनी शोधला, नळ सोडून, पोपडे खरवडून.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. बहीण अखेरपर्यंत आली नाही. आता वाकडला, मोशीला एखादी नवी इमारत उभी राहिली की वाटतं, आबांना घेऊन यावं, आणि मग आठवतं.

मागच्या दिवाळीत गावाकडे आमच्या शेताच्या वाटणीचं निघालं. थोरल्या भावाने ताईच्या हक्कसोडाचा कागद माझ्या हातात दिला. ती तुझं ऐकते, म्हणाला. मी तिच्या घरी जाऊन तो कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, तिचा वाटा कुठला तेही सांगितलं. म्हणालो, "ताई, मनात नसेल तर सही करू नकोस. दादाला मी सांगतो."

ती कागदाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत म्हणाली, "सही नाही केली तरी मला माहेरी बोलवाल ना रे?"

मी हो म्हणालो. तिच्यासमोर कागद फाडला, आणि आबांची फार आठवण आली.