चष्मेवाल्याचं मत

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला चष्म्याआधी सरकारवरचं भाषण मिळायचं. "डोळा तुमचा, काच माझी, मध्ये सरकारचं नाक कशाला?" चष्मेवाला विचारायचा, आणि नाकावर फ्रेम बसवून घेणारा माणूस हसायचा.

वडिलांनी काच घासायला त्याला आणि धाकट्या बहिणीला, दोघांनाही शिकवलं होतं. दुकान रीतसर भावाकडे आलं. बहिणीचा नवरा गेला तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी घासायचं चाक मांडलं. हात हलका, बोलणं गोड. आधी शेजारणी आल्या, मग हळूहळू भावाचीही गिऱ्हाइकं तिकडे वळली. तो वरवर हसायचा, पण आत कुठेतरी खुपत होतं.

अशातच नवा नियम येऊ घातला. काचेला हात लावायचा तर परवाना हवा, आणि परवाना फक्त संस्थेत शिकलेल्याला. चालू दुकानांना मात्र माफी. सरकारने धंदेवाल्यांचं मत मागवलं. त्यांच्या संघटनेच्या सभेत सगळ्यांना वाटलं, आता हा कडाडणार.

तो उठला. "लोकांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे," म्हणाला. "कोणीही घरी बसून काचा घासायला लागलं तर कसं चालेल?" आणि नियमाच्या बाजूने हात वर केला.

बहीण दुसऱ्या दिवशी दुकानात आली.

"दादा, माझ्या चष्म्याने कोणाचा डोळा गेला का रे?"

"तसं नाही गं, नियम सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांसाठी? मग तुला माफी कशी? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते खोटं नाही." एवढं बोलून ती वळली. शाळा अर्ध्यावर सुटलेली, संस्थेत तिला कोण घेणार? पुढे नियम लागू झाला, अधिकारी आले आणि तिचं चाक उचलून घेऊन गेले.

खिडकीशी रिकामा कोपरा पाहिला त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. तो संघटनेच्या अध्यक्षांकडे गेला, सरकारी कचेरीत खेटे घातले. घरी काम करणाऱ्यांना सूट द्या म्हणून हात जोडले. अध्यक्ष हसून म्हणाले, "दार लावताना तुम्हीच जोर लावला होतात. आता आतली मंडळी खूश आहेत, उघडणार कोण?"

बहिणीला एका मोठ्या शोरूममध्ये फ्रेम्स दाखवायची नोकरी मिळाली. एका दुपारी तो तिथे गेला आणि स्वतःचा चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला. "डावी काच जरा तिरकी बसलीय. बघतेस?"

तिने चष्मा उजेडात धरला. चूक तिला लगेच दिसली, हे त्याला तिच्या तोंडून निघालेल्या बारीकशा 'हं'वरून कळलं. बोटं काचेपर्यंत गेली आणि थांबली.

"आम्हाला हात लावायची परवानगी नाही," ती म्हणाली. "आतल्या माणसाकडे देते. बसा तुम्ही."

जन्मभर ती त्याला अरेतुरे करत आली होती. तो बसला. चष्म्याविना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, तेवढं मात्र त्याला कळलं.