पाण्याची घंटी आणि माझी टाच

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नातीवर ओरडत होते. देशभरच्या मुलांच्या कसल्याशा हॅकेथॉनमध्ये ती निवडली गेली होती. लोकांच्या अडचणीवर तोडगा काढायचा, म्हणे. तोडगा निघाला होता, पण ऐनवेळी यंत्र चाललंच नाही तर, या धास्तीनं पोरीनं ताट लोटलं होतं. "संध्याकाळी विमलआजीशी बोल, धास्तीतलं तिला सगळं कळतं," म्हणून मी तिला परत जेवायला बसवलं. ताट संपायच्या आत विमलच्या सुनेचा फोन... महिना उलटून गेला, पण ते अर्धं ताट काही डोळ्यांपुढून हलत नाही.

उचगावच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत विमल विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. कोल्हापुरातून दोघी एकाच एसटीनं जायचो. मी तेव्हा चाळिशीची, गॉगल लावून, जाड टाचेच्या चपलांनी शेणातून वाट काढणारी बाई. पोरं मला 'हिरॉईनबाई' म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं! विमल मात्र सदा घोरात. एसटीत बसली की घरचा गॅस आठवायचा, घरी गेली की शाळेचं कुलूप. काळजीचं खातं तिच्याकडं आणि खिदळण्याचं माझ्याकडं, अशी आमची वाटणीच होती.

नव्वदच्या दशकात नातीच्या हॅकेथॉनसारखीच एक देशपातळीवरची स्पर्धा आमच्या शाळेपर्यंत पोचली. मुलांनी आपल्या गावातली एक अडचण शोधायची आणि सोडवून दाखवायची. अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून घरटी एक पोरगी नळापाशी बसवलेली. आठवीतली शोभा त्यातलीच. नाव पटावर आणि शोभा नळावर. आई मजुरीला जायची. घरात आजी होती, ती घागरी भरू शकायची, पण दिवसभर उन्हात बसणं तिला झेपत नव्हतं. विमलनं पोरींकडून घंटी करून घेतली. नळाखाली डबा, डब्यात लाकडाचा ठोकळा. पाणी आलं की ठोकळा वर तरंगणार, तारेला तार भिडणार आणि सेलवरची घंटी गल्लीभर वाजणार. शोभाची आई रोखठोक म्हणाली, "बाई, परीक्षकांफुडं घंटी वाजली तर पोरगी उद्यापासनं शाळंत. न्हाई वाजली तर परत माझ्या दारात यायचं न्हाई."

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी बघतो तर ठोकळा पाण्यानं फुगून डब्यात घट्ट बसलेला. विमल पांढरीफटक पडली. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली.

"सरू, चपला काढ."

"कशाला?"

"टाच तरंगती काय बघतो."

"अगं, मुंबईवरनं आणल्यात त्या!"

"म्हंजे हलक्या असतील की!"

विळीवर माझी लाल टाच कापली गेली. 'जलदेवतेच्या आगमनाची मंगलघंटा' असं माझं नटवं स्वागताचं भाषण मी अनवाणी म्हणून दाखवलं. दोन परीक्षक आले होते. तांब्यानं पाणी ओतल्यावर घंटी खणखणली, पण थोरले म्हणाले, "ओतलेलं चालणार नाही. नळाचं येऊ द्या."

झालं. वाट बघणं सुरू. आता पावणं उपाशी कसे बसतील? शोभाच्या अंगणात मटणाची पंगत बसली. जेवण झालं की ते निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बायका मुद्दाम सावकाश वाढत होत्या. विमलनं घास घेतला नाही. मान डावीकडं कलती करून नळाचा कानोसा घेत बसली. "सरू, येईल न्हवं गं?" मी "येईल की" म्हणाले आणि वाढणारीला अजून सावकाश म्हणून खुणावलं. शेवटचा भात आला... आणि घंटी वाजली. वाढणाऱ्या झाडून सगळ्या पळ्या टाकून घागरींकडं पळाल्या. थोरले परीक्षक कोरड्या भातावर हात धरून म्हणाले, "अहो, रस्सा?" शोभाची आई नळावरून ओरडली, "दमा की पावणं! आधी पाणी!"

दिल्लीच्या फेरीला आमची निवड झाली नाही. मी आठवडाभर परीक्षकांच्या नावानं बोटं मोडली. विमलला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोभा पहिल्या बाकावर होती आणि "हिनं जेवणाचा डबा आणलाय का बघ," ही नवी काळजी सुरू झाली होती.

परवा विमलच्या घरी गेले. पुढं गावाला नेमानं पाणी यायला लागल्यावर तिनं घरी आणलेला तो डबा मागच्या दारच्या नळाखाली अजून आहे, घंटीसकट. आत माझी टाच, आता विटकरी झालेली. आजारपणातही तिनं तो हलवू दिला नाही. नातीची अंतिम फेरी जवळ आलीय आणि माझंच जेवण सुटलंय... विमल आपलं खातं माझ्या नावावर करून गेलीय. सून आत फोनवर बोलत होती. मी तांब्याभर पाणी डब्यात ओतलं. टाच डुलत वर आली.

घंटी ऐकताच सून बोलणं अर्धं टाकून बादली घेऊन धावत आली.